तिसाव्या मोजणीसाठी जादा हवा

२ ऑक्टोबर २०२३, उतेंडे

शोमारीने आज मला बोटीत घेतलं नाही. ज्या मुलाला मी नववीत बेडकाचं हृदय तीनदा काढून दाखवलं, तो आता बुडी केंद्राचा प्रमुख आहे आणि मला नियम सांगतो.

आदरात कसूर नाही. "शिकामू, म्वालिमू" म्हणून गुरुजनांना करायचा नमस्कार झाला, खुर्ची पुसून झाली, आलं घातलेला चहा झाला. मग म्हणाला, जोडीला बिबी काबुला होत्या तोवर गोष्ट वेगळी होती. आता तुम्ही दोरीवर मान खाली घालून प्रवाळ मोजत बसणार आणि माझे वाटाडे पर्यटकांमागे असणार. तुमच्याकडे बघायचं कुणी? एक तर पूर्ण वेळ जोडीदार आणा, नाहीतर स्वतःची जादा हवा बाळगा. म्हणजे वेगळा सिलिंडर, श्वास घ्यायला त्याचा वेगळा रेग्युलेटर, हवेचा दाब दाखवणारा वेगळा काटा.

चौसष्टाव्या वर्षी नवा जोडीदार शिकवून तयार करण्याची माझी इच्छा नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, मग सिलिंडर. नोव्हेंबरच्या भांगाआधी.

भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याचे, दिवस सहा आणि सात तारखेला येतात. पाण्याला ओढ कमी असते तेव्हाच आमची मोजणी होते. तोच खडक, तीच पन्नास मीटरची दोरी, तीच वीस प्रवाळं, १९९४ पासून दर वर्षी. यंदाची तिसावी. ती चुकणार नाही.

५ ऑक्टोबर

काबुला मार्चमध्ये ताबोराला लेकीकडे राहायला गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाला झेपणार नाही, बुडी बंद. तिने ते फारच पटकन ऐकलं असं माझं मत आहे. दुसऱ्या डॉक्टरला दाखवता आलं असतं. मी तसं तिला बोलले. त्यानंतर आमचं बोलणं नाही. बोलण्यासारखं काही घडलेलंही नाही.

आज कपाट आवरताना विद्यापीठातला एक फोटो सापडला. १९७९, टेकडीवरचं वसतिगृह. प्राणिशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. मी झारामो, किनाऱ्यावरची. ती न्याम्वेझी, समुद्रापासून शेकडो मैलांवरची. या दोन जमातींत उतानी चालते, म्हणजे एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि दुसऱ्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच अब्रू जाते. पहिल्या दिवशी खाटेवर ट्रंक ठेवता ठेवता तिने विचारलं, "तू झारामो ना? मग अभ्यास कधी करणार? तुमच्यात तर रात्रभर नाचतात." मी म्हटलं, "हमालांच्या नातीने ट्रंक छान उचलली." तिच्या पूर्वजांनी व्यापारी तांड्यांची ओझी वाहिली होती, हे सगळ्यांना माहीत. त्या दिवसापासून आमची मैत्री.

पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ती वीस वर्षांची होती. गुडघाभर पाण्यात शिरली आणि ओंजळभर पिऊन बघितलं. पुस्तकात खारट लिहिलंय ते खरं आहे का, हे तिला तपासायचं होतं. आठवडाभर पोट बिघडलं. तीच पुढे माझ्याआधी बुडी मारायला शिकली.

फोटो परत ठेवला. आवरायचं राहून गेलं.

९ ऑक्टोबर

शोमारीने चार सिलिंडर समोर मांडले.

पहिला अर्ध्या लिटरचा. पाण्याच्या बाटलीएवढा, माउथपीस डोक्यावरच बसवलेला. एक इटालियन पाहुणी सोडून गेली होती. यात शंभर लिटर हवा मावते. बावीस मीटरवर घाबरलेल्या माणसाला ती मिनिटभरही पुरणार नाही. मी तो बाजूला सारला. शोमारी म्हणाला, पुष्कळ लोक हाच घेतात, कारण खिशात बसतो. मी म्हटलं, खिशात शिट्टीही बसते.

शेवटचा सहा लिटरचा, पोलादी. तो उचलून मी बोटीच्या शिडीवर चढू शकणार नाही. हे शोमारीला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, दोरीपाशी आडवा येईल, प्रवाळ मोडेल. तेही खरंच आहे.

उरले मधले दोन, दोन लिटरचा आणि तीन लिटरचा. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. दोन लिटरचा पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरला बिलगून बसतो, आहे हेही कळत नाही. तीन लिटरचा कडेवर घेतलेल्या पोरासारखा लोंबतो. हे दोन्ही केंद्राच्या वापरातले आहेत, त्यामुळे मला दार-एस-सलामहून नवा मागवावा लागेल.

शोमारीचं बोट तीनवर होतं. मी म्हटलं, हिशेब करून सांगते. बोटाने सिलिंडर निवडत नाहीत.

१२ ऑक्टोबर

हिशेब केला. सोपा आहे. खाली गडबड झाली तर ती निस्तरायला एक मिनिट, मग सावकाश वर, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, मग पृष्ठभाग. एवढ्या वेळाला लागेल तेवढी हवा हवी, आणि ती घाबरलेल्या माणसाची, म्हणजे नेहमीच्या दुप्पट.

माझं नेहमीचं प्रमाण बुडीच्या वह्यांत आहे. अकरा वह्या. अक्षर सगळं काबुलाचं, कारण माझे हात मोजणीच्या पाटीवर असत. वेळ आणि हवा तिच्याकडे. मिनिटाला अकरा लिटर. १९९६ मध्ये अकरा, २०१५ मध्ये अकरा, गेल्या वर्षीही अकरा. माझ्या वयाच्या कुणाचं असं प्रमाण मी ऐकलेलं नाही. मी वर येई तेव्हा काट्यावर ऐंशी बार शिल्लक असत. काबुलाकडे तीस. ती माझ्या निम्म्या वजनाची, आणि काम काय, तर दोरीच्या वर तरंगत बसायचं! मी तिला हवेची अधाशी म्हणायचे. "न्याम्वेझी मक्याची उगाली खातात तशी हवा खातात," असं मी माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात माइकवरून सांगितलं होतं. लोक पोट धरून हसले. तीही.

प्रत्येक नोंदीखाली तिची एक बारीक खूण आहे. कवायतीची. मोम्बासाला सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आली तेव्हा तिने तो नियम आणला. बुडीच्या शेवटी जोडीदाराने आपला जादा माउथपीस दुसऱ्याला द्यायचा आणि त्यावरून श्वास घेत वर यायचं, म्हणजे प्रसंग आला तर हाताला सवय असते. मी मोजत असे आणि खांद्यावर टिचकी बसे. मान न वळवता हात मागे करायचा, माउथपीस हातात येई, आणि मी पुढचं प्रवाळ मोजू लागे. इतकी शिस्त मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. टिचकी नेहमी उजव्या खांद्यावर, दोनदा.

अकराची दुप्पट बावीस. एकूण तीनशे लिटर. दोन लिटरच्या सिलिंडरमध्ये चारशे मावतात. दोन लिटरचा मागवला.

२० ऑक्टोबर

सिलिंडर फेरीने आला. दुकानदाराने सोबत रेग्युलेटर आणि काटाही दिला आहे. गळ्यावर तपासणीचा शिक्का आहे का पाहिलं, ताजा आहे. झडप सोडून हवेचा वास घेतला. तेलकट नाही.

संध्याकाळी काबुलाचा फोन आला. सात महिन्यांनी. शोमारीने कळवलं असणार.

"काय गं झारामो, जिवंत आहेस? मला वाटलं, नाचता नाचता पडलीस."

मी म्हटलं, मोजणीच्या तयारीत आहे. नातवंडांबद्दल विचारलं. तिने सांगितलं. मग तिने विचारलं, सिलिंडर किती लिटरचा.

"दोन."

तिने थट्टा केली नाही. काबुला थट्टा करत नाही तेव्हा कुणीतरी मेलेलं असतं. मग म्हणाली, "तीनचा घे."

का, ते विचारलं. म्हणाली, तू जाड झाली आहेस. मी म्हटलं, माझं वजन दहा वर्षं तेच आहे. म्हणाली, मग म्हातारी झालीस. मी म्हटलं, अकरा लिटर, काबुला, तुझ्याच अक्षरात आहे.

"माझं अक्षर तुला कधीपासून वाचता यायला लागलं? तीनचा घे, रेहेमा. मी सांगते म्हणून घे."

नावाने हाक मारते ती फक्त भांडायचं असेल तेव्हा. हिशेब कसा करायचा ते ताबोरात बसून कुणी मला शिकवू नये, असं सांगून मी फोन ठेवला. ती मोजणीला येत नाही, तर मोजणीच्या सामानात तिने लक्ष घालू नये.

२४ ऑक्टोबर

शोमारी हट्टी आहे. म्हणाला, जुन्या वह्या राहू द्या, आज मोजू. दहा मीटरवर दहा मिनिटं, एकसारखं पोहायचं, आधी आणि नंतर काटा वाचायचा. त्याने स्वतः वाचला, मीही वाचला.

एकोणीस.

काटा बिघडला असेल म्हणून दुसरा लावला आणि पुन्हा उतरले. एकोणीस.

एका वर्षात अकराचे एकोणीस होत नाहीत. फुप्फुसं आजारी असती तर मला जिना चढताना कळलं असतं. शोमारीला म्हटलं, काल माझी नीट झोप झाली नव्हती. तो "हो म्वालिमू" म्हणाला. वर्गातही उत्तर पटलं नाही की तो असंच म्हणायचा.

एकोणीसने हिशेब केला तर सव्वापाचशे लिटर लागतात. दोन लिटरचा सिलिंडर पाच मीटरवरच्या थांब्यातच संपेल.

२५ ऑक्टोबर

सकाळी शोमारी घरी आला. मी मांदाझी तळत होते. वह्या मागितल्या. अर्धा तास ओट्यावर बसून चाळल्या, बोटांना तेल होतं म्हणून मी त्याला रागावले. मग त्याने एकच विचारलं.

"म्वालिमू, बिबी काबुला एवढीशी बाई. ती हलत नव्हती, काम करत नव्हती. मग तिची हवा कुठे जायची?"

मी म्हटलं, ती अधाशी होती. सगळ्यांना माहीत आहे.

"आणि ही खूण? कवायत? ती किती वेळ चालायची?"

मी म्हटलं, दोन-तीन मिनिटं.

त्याने विचारलं, घड्याळ कुणाकडे असायचं?

तो गेल्यावर कागद घेतला. पन्नास मिनिटांची बुडी. माझं प्रमाण तेव्हा अठरा धरलं, आणि शेवटची सतरा मिनिटं मी काबुलाच्या सिलिंडरवरून श्वास घेतला असं धरलं. माझ्याकडे ऐंशीच्या आसपास उरतात. तिचं प्रमाण साडेनऊ धरलं तर तिच्याकडे तीस. दुसरी वही, तिसरी वही, तेच. सातवी वही, तेच.

मोम्बासाच्या त्या केंद्राची नियमपुस्तिका माझ्याकडे आहे. रात्री जेवण झाल्यावर वाचली. त्यात अशी कवायत नाही.

मांदाझी जळल्या होत्या. त्याच खाल्ल्या.

२८ ऑक्टोबर

तीन दिवस विचार करून आज फोन केला. काय बोलायचं ते मुद्दे कागदावर काढले होते. पहिला मुद्दा: नोंदींची सचोटी.

तिने नाकारलं नाही. उलट हसली. म्हणाली, तुला कळायला एकोणतीस वर्षं लागली, आणि मला तिसरा वर्ग मिळाला म्हणून तू चिडवायचीस.

मी म्हटलं, ही थट्टेची गोष्ट नाही. ती म्हणाली, चौऱ्याण्णवची दुसरी बुडी आठव. तुझा काटा शून्याला टेकत होता, मी तुला ओढून वर आणलं. त्यानंतर तू दोन दिवस जेवली नाहीस. म्हणालीस, मला पाण्यात श्वास आवरत नाही, मोजणी दुसऱ्या कुणाला द्या.

हे मला आठवत नाही. म्हणजे शून्य आठवतं. बाकीचं मी बोलले असेन असं वाटत नाही.

"मग मी कवायत काढली. आठवडाभर करू म्हटलं, तोवर तुझा धीर येईल."

"एकोणतीस वर्षं?"

"तू मोजायला लागलीस की किती छान दिसायचीस. कोण थांबवणार?"

मी विचारलं, मी तुला अधाशी म्हणायचे, माइकवरून म्हटलं, तेव्हा का नाही बोललीस. ती म्हणाली, उतानी आहे, तू म्हणणारच, मला रागावता येत नाही. आणि खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मोजणी सोडली असतीस. तिला दोन्हीकडून अडकल्यासारखं झालं होतं, असं ती हसत हसत म्हणाली.

मी तिला सांगितलं की तिने शास्त्राच्या नोंदी खोट्या केल्या आणि मी सगळ्या वह्या दुरुस्त करणार आहे. ती म्हणाली, कर, पण आधी तीनचा सिलिंडर घे. दोनचा शुक्रवारच्या फेरीने परत जाईल, असं मी म्हटलं.

"शाबास. आता तू हमाल. आम्ही नाचतो."

कागदावरचे दुसरा आणि तिसरा मुद्दा राहिले.

३ नोव्हेंबर

तीन लिटरचा आला. पट्ट्याने डाव्या कुशीला बांधते. भरलेला असताना खाली ओढतो, रिकामा झाला की तरंगू बघतो, म्हणून कमरेचं शिसं थोडं वाढवलं. माउथपीस हनुवटीखाली रबरी दोरीत अडकवला आहे. बुडी मारण्यापूर्वी झडप उघडायची, हे शोमारीने मला तीनदा सांगितलं. बेडकाची परतफेड करतोय.

आज उथळ पाण्यात डोळे मिटून माउथपीस शोधण्याचा सराव केला. वीस वेळा. दर वेळी हात आधी उजव्या खांद्यामागे जातो. मग हनुवटीकडे. ही सवय मोडायला हवी, दोन सेकंद वाया जातात.

६ नोव्हेंबर

उतरलो. शोमारी स्वतः आला, पण वीस मीटर दूर राहायचं ठरलं होतं आणि तो तसाच राहिला. सत्तर बारला वर निघायचं, हेही ठरलं होतं.

पाणी स्वच्छ. सहावं प्रवाळ मागच्या वर्षीपेक्षा बोटभर वाढलं आहे. नववं पोपटमाशांनी कुरतडलं आहे. यंदा दर दोन प्रवाळांनंतर काटा बघावा लागत होता. मी इतकी वर्षं खाली गेले, पण काटा खाली येताना कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. तो थांबत नाही.

सोळाव्यापाशी सत्तर झाला. बत्तीस मिनिटं.

चार प्रवाळं उरली होती. विसावं मला तिथून दिसत होतं. मोठं मेंदूप्रवाळ, डाव्या बाजूला खाच. कुशीला सहाशे लिटर हवा होती, भरलेली, झडप उघडी, माउथपीस ओठांपासून चार बोटांवर. दहा मिनिटं पुरली असती. चौऱ्याण्णवनंतर मोजणी कधी एका बुडीत अपुरी राहिलेली नाही. हात हनुवटीकडे गेला, खांद्याकडे नाही. सवय मोडली, तीही नको त्या वेळी.

ही हवा मोजणीसाठी घेतलेली नाही. ती दुसऱ्याची समजायची.

सोळाव्याला खुणेची पट्टी बांधली, वर जायची खूण म्हणून शोमारीला अंगठा दाखवला आणि निघाले. पाच मीटरवर तीन मिनिटं लोंबकळताना तो माझ्याकडे बघत होता. मी काट्याकडे बघत होते.

बोटीत तो म्हणाला, "उद्याही भांगच आहे, म्वालिमू." मला ते माहीत होतं.

७ नोव्हेंबर

उरलेली चार मोजली. वीस मिनिटं लागली. तिसावी मोजणी पूर्ण. वीसपैकी जिवंत सहा.

काबुलाला फोन करून आकडे वाचून दाखवले. प्रत्येक आकडा तिने परत म्हणून दाखवला, नोंदताना म्हणायची तसा. विसाव्यानंतर तिने विचारलं, कुशीतला किती उरला. मी म्हटलं, पूर्ण, तोंडच लावलं नाही. मग तिने विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, नारळाच्या दुधातला ऑक्टोपस. ती म्हणाली, ताबोरात एकाला तो करता येत नाही, सगळे चामडं करतात.

डिसेंबरमध्ये ती चार दिवस येऊ शकते, असं म्हणाली. बुडीला नाही. बोटीत बसायला. मी म्हटलं, बोटीत वजन वाढेल, बघू.

९ नोव्हेंबर

यंदाची नोंद शाईने, माझ्या अक्षरात लिहिली. दोन बुड्या, हवा खरी तेवढी. कवायतीच्या जागी रेघ मारली.

मग जुन्या वह्यांच्या दुरुस्तीला बसले. पद्धत ठरवली होती. माझा आकडा पेन्सिलीने खोडायचा, खरा बाजूला लिहायचा, समासात कारण. चौऱ्याण्णव ते सत्त्याण्णव सकाळीच झाली.

अठ्ठ्याण्णव हे प्रवाळं मेली ते वर्ष. वीसपैकी तेरा. मी एकेकापाशी थांबले होते, काही दोनदा मोजली, कारण विश्वास बसत नव्हता. कुणीतरी घाई करेल असं वाटत होतं, कुणी केली नाही. वहीत अठ्ठावन्न मिनिटं लिहिली आहेत. रेहेमा, शिल्लक पंच्याऐंशी. काबुला, शिल्लक पंधरा.

पंधरा. पुढे तीच बारीक खूण.

पेन्सिल खाली ठेवली. हवेच्या रकान्याचा मोजणीशी तसाही काही संबंध नाही. वह्या कपाटात लावल्या.